लिमात नदीकाठचा दगड

सलाम मंडळी. आमच्या ख्रिस्ती पंथाच्या ५०० वर्षांच्या मेळाव्याला झुरिकला गेले होते, तिथून येऊन महिना होत आला, सगळे विचारतायत "कसं झालं?" नुसते फोटो टाकून उत्तर होणार नाही, म्हणून लिहिते.

२१ जानेवारी १५२५ ला झुरिकमधल्या एका घरात काही तरुणांनी एकमेकांना बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) दिला. सगळ्यांचा तान्हेपणी झालेलाच होता. पण विश्वास ज्याचा त्याने समजून-उमजून धरायचा, त्यात सरकारने पडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथून अ‍ॅनाबॅप्टिस्ट (म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या) मंडळ्या, उपासकांचे गट, सुरू झाल्या. मेनोनाइट त्यांतलेच. माझं आजोळ छत्तीसगडमधलं धमतरी, तिथे १८९९ मध्ये मेनोनाइट मिशनरी आले, म्हणून हे नाव आमच्या घरातलं. ५०० वर्षं झाली म्हणून यंदा २९ मेला जगभरातले लोक झुरिकला जमले आणि त्यांत मीही होते.

मी अठराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरी पुलाव होता, नवी साडी होती, पाहुणे होते. त्याच निर्णयापायी त्या तरुणांतल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ ला लिमात नदीत बुडवलं. हात बांधून गुडघ्यांखाली ओढले आणि मधून काठी घातली. काठावर उभी राहून त्याची आई त्याला धीर देत होती, असं सांगतात. लिमातचं पाणी इतकं नितळ आहे की तळाचे गोटे दिसतात. मला तिथे फार वेळ बघवेना.

पण मनात राहिला तो काठावरचा दगड. मान्झ आणि इथे बुडवलेल्या आणखी पाच जणांची आठवण म्हणून २००४ मध्ये तो बसवला. त्या वर्षी झुरिकच्या रिफॉर्म्ड चर्चने, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी हा छळ केला त्यांनीच, आमच्या लोकांसमोर चूक कबूल केली. आणि या मे महिन्यात त्यांच्याच ग्रॉसम्युन्स्टर चर्चमध्ये, जिथून त्या काळचा झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली उपदेश करायचा, आम्ही सगळे एकत्र उपासनेला बसलो होतो. मी रडले. शेजारची इथिओपियाची मुलगी माझा हात धरून होती. तिच्या मंडळीवर १९८२ पासून कित्येक वर्षं बंदी होती, लोक घराघरांत लपून प्रार्थना करायचे.

आता जे लिहिणार आहे ते काहींना लागेल. माझ्या मावशीच्या मंडळीत (गाव लिहीत नाही) जागेवरून दोन गट आहेत आणि अकरा वर्षं कोर्टात तारखा चालू आहेत. प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला) एकाच टेबलाशी येतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. आणि हेच लोक संडे स्कूलमध्ये आम्हाला आपल्याच पंथातल्या डर्क विलेम्सची गोष्ट सांगायचे. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला, डर्कने मागे फिरून त्याला वाचवलं, त्यातच पकडला गेला आणि १५६९ मध्ये जाळला गेला. हुतात्म्यांचा अभिमान आपल्याला काही न करता मिळतो. "आमचं चुकलं" म्हणायला मात्र कुणी पुढे येत नाही, आणि समोरच्याने म्हटलं तर ते ऐकून घेण्याची तयारीही नाही. हा रोग एका गावचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. केस जिंकून हॉल मिळेल, पण त्यात शेजारी बसणारं कोण उरेल?

परवा मावशीला फोन केला. तिची शाळेपासूनची मैत्रीण दुसऱ्या गटात आहे. म्हटलं, "मावशी, मी आले की दोघी जाऊ या का त्यांच्याकडे?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी तू ये तर खरी."

दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट काढलंय. प्रार्थनेत आठवण ठेवा.