आशाताईंचा थकवा शिबिरानं जाणार नाही

'आशांचं काम दिवसाला दोन-तीन तासांचं, तेही स्वेच्छेचं. तरी दमत असतील तर ताणमुक्तीची शिबिरं घ्या,' असा मजकूर गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांबद्दल व्हॉट्सअॅपवर जोरात फिरतोय.

दोन-तीन तासांचा आकडा केंद्राच्याच मार्गदर्शक सूचनांतला आहे. रोज दोन-तीन तास, आठवड्यातून चारेक दिवस. आता प्रत्यक्ष काम बघा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. प्रसूती दवाखान्यात झाली तरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी बाळाच्या घरी जायचं, वजन करायचं, ताप बघायचा, मिनिटभर श्वास मोजायचे. शिवाय गरोदर बायकांच्या तपासण्या, क्षयाचा सर्वे, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणं, मोबाइलवरच्या नोंदी. आणि रात्री कळा सुरू झाल्या की फोन आशाताईलाच जातो. हे दोन-तीन तासांत कसं बसवायचं?

स्वेच्छेचं म्हणावं, तर बाळाच्या घरच्या या सहा फेऱ्यांचे मिळून 250 रुपये ठरलेत. त्यालाही अटी: वजनाची नोंद हवी, लसी हव्यात, जन्मनोंदणी हवी, आणि 42व्या दिवसापर्यंत आई-बाळ दोघंही सुखरूप हवीत. ज्या घरात बाळ दगावतं, तिथे हिनं किती पायपीट केली याला किंमत नाही. हे मला सगळ्यात क्रूर वाटतं. आशांसारख्या सरकारी योजनांत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता आणि किमान वेतन द्यावं, अशी शिफारस सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या भारतीय श्रम परिषदेनं 2013 मध्येच केली होती. स्वयंसेविका म्हणवून घेण्याची हौस आशांना नाही.

राहिलं शिबिर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये 'बर्नआउट' म्हणजे कामाच्या ठिकाणच्या, नीट न आवरलेल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था, असं सांगितलं. मग दुरुस्ती कामाच्या रचनेतच हवी. शिबिराला गेलेल्या दिवसाच्या गृहभेटी दुसऱ्या दिवशी तिलाच कराव्या लागतात.

आझाद मैदानातल्या आंदोलनानंतर मार्च 2024 मध्ये राज्यानं मासिक मोबदला 5000 रुपयांनी वाढवला, ते योग्यच झालं. आता पैसे ठरलेल्या तारखेला मिळावेत, एकच माहिती वहीत आणि अॅपमध्ये दोनदा भरायला लावू नये, रजेवर गेली तर बदली माणूस असावं. आणि बाळंतिणीला घेऊन रात्री रुग्णालयात आलेल्या आशाताईला पाठ टेकायला एक खोली आणि सकाळी परतायला गाडी मिळावी.