नऊची मिस्सा कशी वाचवावी

शेजारच्या दोन पॅरिशेसबरोबर (पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याच्या भोवतीची भाविक मंडळी) बसून 'सामायिक भवितव्याचा आराखडा' करा, असं पत्र बिशपांकडून आलं तर घाबरू नका. आनंदाने होकार द्या. एकत्र बसायला कुणाचीच ना नसते, पंचाईत होते ती काही ठरवून उठायचं म्हटलं की. तेव्हा बसत राहा.

पहिल्या बैठकीत प्रार्थना चांगली लांबवा. पवित्र आत्म्याने मार्ग दाखवावा, अशी कळकळीने याचना करा. तो शेजारच्यांना दाखवावा, एवढं मनातल्या मनात जोडलं की झालं.

बाकी विषय तोंडी लावायला. खरा विषय एकच, रविवारच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, वेळ. तीन चर्च आणि फादर एक, अशी वेळ येऊ शकते हे 1983 च्या कॅनन लॉनेच, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानेच, धरून ठेवलंय: धर्मगुरू कमी पडले तर शेजारशेजारच्या पॅरिशेस एकाच्याच गळ्यात घालता येतात (कॅनन 526). पण त्या एकाला रविवारी फार तर तीन मिस्सा करता येतात, त्याही गरज असेल आणि वरून परवानगी असेल तर (कॅनन 905). तीन चर्च, तीन मिस्सा. हिशेब इतका चोख जमतो की एखादा भोळा माणूस दहा मिनिटांत तक्ता मांडून मोकळा होईल. असा माणूस कमिटीत घेऊच नका.

कारण नऊची मिस्सा आपली. सातची देताना शेजारच्यांना म्हणा, "तुमच्याकडची माणसं खरी भाविक, पहाटेच उठतात." अकराची देताना पलीकडच्यांना म्हणा, "तुमच्याकडे तरुण मंडळी केवढी!" माणूस स्तुतीने जेवढा सरकतो तेवढा युक्तिवादाने सरकत नाही. तरीही कुणी विचारलंच, नऊलाच का, तर थेट बायबल काढा. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, त्यांच्यातल्या पेत्राने लोकांना सांगितलं, ही माणसं प्यायलेली नाहीत, आत्ता कुठे दिवसाचा तिसरा तास आहे (प्रेषितांची कृत्ये 2:15). तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ. आणखी काय पुरावा हवा? फक्त त्याच्या आधीच्या ओळी मोठ्याने वाचू नका. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांना तिथे बोललेलं कळत होतं, असं काहीतरी त्यांत आहे. बैठकीत त्याचा उपयोग नाही.

व्हॅटिकनने 2020 साली पॅरिशविषयी एक सूचनापत्र काढलं. धर्मगुरू कमी आहेत किंवा धर्मप्रांताची तिजोरी रिकामी आहे, एवढ्यावरून पॅरिश बंद करता येत नाही, असं त्यात म्हटलंय. तो परिच्छेद पाठ करा. शेजारच्या पॅरिशेसनी एकत्र काम कसं करावं, यावरची पुढची पानं चिकटलेली राहू द्या.

मतदान जरूर घ्या. जिंकलात तर 'लोकांचा कौल', हरलात तर कॅनन 536: पॅरिश कौन्सिलचं मत निव्वळ सल्ला असतं. (मला वाटतं, कॅनन लॉमधलं एवढं एकच कलम लोकांना न शिकवता येतं.) अर्थसमितीला मात्र या बैठकांपासून लांब ठेवा. त्यांना छपराचा खर्च माहीत असतो.

एवढं सगळं करूनही बिशप कधीतरी कंटाळतात, आपल्या धर्मगुरूंच्या परिषदेचं मत घेतात आणि तीन पॅरिशेसची एक करून टाकतात. तसा त्यांना अधिकार आहे, कॅनन 515. मग मात्र हातपाय हलवा. हुकूम हाती पडल्यापासून 10 दिवसांत फेरविचाराचा लेखी अर्ज गेला पाहिजे. तिन्ही पॅरिशेसचे लोक बोलवा. कोण मसुदा लिहील, कोण सह्या गोळा करील, खर्च कसा वाटून घ्यायचा, हे तासाभरात ठरेल. कुणी कुणाचं बोलणं तोडणार नाही. बैठक रविवारी सकाळी नऊला ठेवा, त्या वेळेला सगळेच मोकळे असतात.