दहा गुणांचे संशोधन

मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांपैकी एखाद्या विषयाचे सहायक प्राध्यापक म्हणून आपली नुकतीच नेमणूक झाली असेल आणि संशोधन करावे असा विचार मनात डोकावत असेल, तर ग्रंथालयाकडे वळण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील संशोधन-गुणांचा तक्ता पाठ करावा. सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी किमान ७ प्रकाशने आणि ७५ गुण, प्राध्यापकपदासाठी १० प्रकाशने आणि १२० गुण, असा हा रोखठोक व्यवहार आहे. त्यात जिज्ञासेसाठी रकाना नाही. ती ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर बाळगावी.

आपल्या विद्याशाखेवर आयोगाची खास मर्जी आहे. विज्ञानवाल्यांना एका शोधनिबंधाचे ८ गुण मिळतात, आपल्याला १०. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र ग्रंथालाही १०च. म्हणजे बारा वर्षे खपून चारशे पानांचा ग्रंथ लिहिणारे आणि दिवाळीच्या सुटीत सहा पानांचा निबंध उरकणारे, दोघेही तक्त्याच्या दृष्टीने समान आहेत. समतेचे इतके निर्मळ उदाहरण समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडायचे नाही. भाषांतराच्या फंदात तर पडूच नये, कारण अख्खा ग्रंथ मराठीत आणला तरी गुण ८. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतील असंख्य कागद अजून कोणी उलगडलेले नाहीत, असे एखाद्या जुन्या अभ्यासकाने सुचवले तर नम्रपणे मान डोलवावी आणि विषय बदलावा. मोडी सफाईने वाचता येण्यास वर्षे लागतात आणि त्या वर्षांचे गुण शून्य. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड प्रसिद्ध केले, हे चर्चासत्राच्या उद्घाटनात अवश्य सांगावे. अनुकरण मात्र करू नये, त्यांना पदोन्नती घ्यायची नव्हती.

आता थोडे अंकगणित. एका निबंधाचे दोन लेखक असतील, तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. एकट्याचे १० गुण दोघांत वाटले की १४ होतात, हा चमत्कार गणित विभागातील सहकाऱ्यांना सांगू नये, ते उगाच अस्वस्थ होतील. आपण एक विश्वासू सोबती निवडावा, त्याच्या निबंधावर आपले नाव घालावे, आपल्या निबंधावर त्याचे. दोन निबंधांत प्रत्येकाच्या पदरी १० ऐवजी १४ गुण पडतात, आणि त्यासाठी दुसऱ्याचा निबंध वाचावा लागतो असेही नाही. तिसरा भिडू घेऊ नये, कारण मग मुख्य लेखकाला ७० टक्के व इतरांना प्रत्येकी ३० टक्के, म्हणजे सगळे मिळून १३च होतात. विभागप्रमुखांनी आपणहून स्वतःचे नाव सुचवले, तर मात्र हा हिशेब विसरावा.

विषयाचे फारसे मनावर घेऊ नये. ‘महिला बचत गटांचे योगदान : विशेष संदर्भ अमुक तालुका’ हे शीर्षक एकदा बसले की महाराष्ट्रातील साडेतीनशे तालुके आपलेच आहेत. शंभर जणांना गूगल फॉर्म पाठवावा, त्यांत आपलेच विद्यार्थी बहुसंख्य असावेत, टक्केवारीचे दोन तक्ते करावेत आणि गृहीतक सिद्ध झाल्याचे जाहीर करावे. गृहीतक खोटे ठरलेला निबंध असे निबंध छापणाऱ्या विशेषांकांत माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही, यावरून आपल्या प्राध्यापकवर्गाच्या दूरदृष्टीची कल्पना यावी. शेवटी शासनाने जनजागृती करावी अशी शिफारस जोडावी. शासन ती वाचत नाही, तेव्हा कोणाचे नुकसानही नाही.

वाङ्मयचौर्याची धास्ती घेऊ नये. आयोगाच्या २०१८ च्याच वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि त्यापुढची सोय आपल्या भाषेने केलेली आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग भासतो, आणि निरर्थक रांगेइतके मौलिक लेखन दुसरे नसते.

राहिला प्रश्न नियतकालिकाचा. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नावे काढली, २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आणली, तिच्यातील नियतकालिकांचीही हुबेहूब तोतया संकेतस्थळे निघाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीच बंद झाली. चांगले नियतकालिक कोणते हे आता संस्थांनी आपापल्या विवेकाने ठरवायचे आहे. त्यामुळे चार दिवसांत दोन परीक्षकांचा अनुकूल अभिप्राय मिळवून देणारे, परीक्षण आणि शुल्काची पावती एकाच ई-मेलने पाठवणारे संपादक निश्चिंत आहेत आणि आपणही असावे.

पदोन्नतीच्या वेळी कोणी निबंध वाचेल ही भीतीही निराधार आहे. तपासणी समितीचे सदस्य मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि नियतकालिकाची ओळख सांगणारा आयएसएसएन क्रमांक पाहतात, सही करतात आणि जेवणाची चौकशी करतात. त्यांतील एखाद्याने चुकून मजकूर वाचायला घेतलाच, तर परतीच्या गाडीची वेळ झाल्याची आठवण करून द्यावी.