किती मॅच खेळायला मिळतील?

आमच्या पेठेतल्या जुन्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन वाद पेटले. पहिला दर मोसमाला होतो तोच. कोल्हापूरच्या लीगमध्ये बाहेरचे खेळाडू, त्यातही नायजेरियन, किती घ्यावेत, आणि घ्यावेत तरी का? दुसरा एका पोरावरून. माझ्या वर्गमित्राचा पुतण्या सोळा वर्षांचा आहे, डाव्या पायाचा, तालमीच्या पोरांच्या संघात विंगला खेळतो. एका एजंटनं त्याच्या घरच्यांना सांगितलंय की साडेसात लाख भरा, युरोपातल्या मोठ्या क्लबच्या अकादमीत सहा आठवडे ट्रायल मिळवून देतो. त्याच्या वडलांनी प्लॉट विकायची तयारी चालवली आहे. मित्राचा मला वेगळा मेसेज आला, "भावा, तू तिथंच हाईस, जरा बघून सांग की."

दोन्ही वादांत बोलणारी माणसं तीच होती. बाहेरचा येऊन आपल्या पोरांची जागा खातो म्हणणाराच दोन मेसेज खाली विचारत होता, आपलं पोरगं युरोपात कधी खेळणार?

मी मँचेस्टरला येऊन चौदा वर्षं झाली. मित्राला उत्तर लिहायला बसलो आणि एका चिनी खेळाडूची गोष्ट लिहीत गेलो. ती इथं सविस्तर मांडतोय, कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही.

डोंग फांगझुओ. जन्म १९८५, गाव दालियान. ईशान्य चीनमधलं हे बंदराचं शहर फुटबॉलवेडं आहे, चीनचं कोल्हापूर म्हणा ना. जानेवारी २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला दालियान शिदे या क्लबकडून घेतलं. सुरुवातीला ५ लाख पौंड, पुढं कामगिरीप्रमाणे ३५ लाखांपर्यंत. युनायटेडनं घेतलेला तो पहिला चिनी खेळाडू. जेमतेम एकोणीस वर्षांचा, उंच, वेगवान स्ट्रायकर. तिकडं दालियानमध्ये काय वातावरण असेल याची कल्पना आपण सहज करू शकतो. आपल्या पेठेत काय झालं असतं ते आठवावं, बस्स.

पण त्याला इंग्लंडात खेळता येईना. वर्क परमिट नव्हतं. त्या वेळचा नियम असा की युरोपाबाहेरच्या खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये हवा, आणि गेल्या दोन वर्षांत देशाच्या महत्त्वाच्या सामन्यांपैकी ७५ टक्के सामने तो खेळलेला हवा. एकोणीस वर्षांच्या पोरानं ते कुठून आणायचे? हाच नियम आपल्या सुनील छेत्रीलाही आडवा आला. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी त्याचं सगळं ठरलं होतं. भारत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून परमिट नाकारलं गेलं. ब्रेक्झिटनंतर नियम बदलला, आता गुणांची पद्धत आहे. पण खेळाडू कुठल्या दर्जाच्या लीगमध्ये आणि किती सामने खेळलाय, हे तिथंही मोजलं जातंच. कामाच्या परवान्यावर या देशात राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. पहिली पाच वर्षं माझा मुक्काम कंपनीच्या एका पत्रावर अवलंबून होता. नोकरी बदलायचा विचार आला की आधी त्या पत्राचा विचार यायचा.

युनायटेडनं डोंगला बेल्जियमला पाठवलं, रॉयल अँटवर्पला. दोन्ही क्लबांचा आपसात करारच होता. कच्चे खेळाडू तिथं पाठवायचे, खेळू द्यायचे, परत आणायचे. जॉन ओशे याच वाटेनं जाऊन आला होता. अँटवर्प हा १८८० चा, बेल्जियममधला सर्वांत जुना क्लब, पण तेव्हा त्याचे दिवस वाईट होते. २००४ मध्येच तो दुसऱ्या विभागात घसरला. म्हणजे या पोराच्या करारावर जगातल्या सर्वांत गाजलेल्या क्लबचं नाव, आणि प्रत्यक्षात बेल्जियमच्या दुसऱ्या विभागातली पावसाळी मैदानं.

जवळजवळ तीन वर्षं तो तिथं होता. तिथं तो खेळला, दर आठवड्याला खेळला. २००५-०६ च्या मोसमात १८ गोल करून त्या विभागातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. माझ्या मते डोंगच्या आयुष्यातला खरा फुटबॉल हाच. त्याच्यावर लिहिताना मात्र लोक हा काळ एका ओळीत गुंडाळतात, मँचेस्टरला पोचायच्या आधी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसल्यासारखा.

डिसेंबर २००६ मध्ये परमिट मिळालं. ९ मे २००७ ला स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीविरुद्ध तो सुरुवातीपासून उतरला. युनायटेड आधीच लीग जिंकून मोकळं झालं होतं, चेल्सीच्या खेळाडूंनी दोन रांगा करून त्यांना मानवंदना दिली होती. सामना ०-० सुटला. प्रीमियर लीगमधला डोंगचा तो पहिला सामना, आणि शेवटचाही. त्यानंतर सप्टेंबरमध्ये लीग कपात कॉव्हेंट्रीविरुद्ध एक, डिसेंबरमध्ये रोमाविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये बदली म्हणून एक. साडेचार वर्षांत युनायटेडकडून एकूण तीन अधिकृत सामने. त्याच्या पुढं रूनी, रोनाल्डो, तेवेझ होते. बावीस वर्षांच्या स्ट्रायकरला आठवडेच्या आठवडे नुसता सराव मिळत होता.

ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला तो चीनकडून खेळला. न्यूझीलंडविरुद्ध ८८ व्या मिनिटाला त्यानं बरोबरीचा गोल केला. ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पुरुष संघाचा तो पहिलावहिला गोल. त्याच महिन्यात युनायटेडनं त्याला मोकळं केलं.

पुढचा प्रवास नकाशा समोर ठेवूनच वाचावा लागतो. परत दालियान. मग पोलंडमध्ये लेगिया वॉर्सा, पोर्तुगालमध्ये पोर्तिमोनेन्से, आर्मेनियात मिका. तिथं २०११ मध्ये संघानं देशाचा कप जिंकला. मग चीनमध्ये हुनानचा दुसऱ्या विभागातला संघ. तिशीच्या आसपास खेळ थांबला. मायदेशात त्याची टर उडवली गेली. युनायटेडनं याला शर्ट विकायला घेतला होता, असं तिथंही म्हणत आणि इथंही. क्लबच्या मनात काय होतं ते क्लबला माहीत. पण १८ गोल बाजारपेठेनं केलेले नाहीत, ते त्या पोराच्या पायांनी केलेत. हे शर्टाचं बोलणं मला लागतं ते त्यासाठी.

मँचेस्टरलाच आलेला दुसरा चिनी खेळाडू बघा. सुन जीहाई, हाही दालियानचाच. १९९८ मध्ये फान झीयी या दुसऱ्या चिनी खेळाडूबरोबर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आला, थोडं खेळला, परत गेला. दालियानमध्ये पुन्हा रोज खेळला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये, चोविसाव्या वर्षी, देशाच्या संघातला पक्का बचावपटू म्हणून मँचेस्टर सिटीत आला. सिटी तेव्हा आजची सिटी नव्हती. दुसऱ्या पातळीच्या लीगमधून वर चढत होती, आणि तिला असा माणूस हवाच होता. ऑक्टोबर २००२ मध्ये बर्मिंगहॅमविरुद्ध त्यानं गोल केला. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा तो पहिला चिनी. २००४ मध्ये गुडघा गेला, त्यातून उठून परत खेळला. २००८ पर्यंत सिटीकडून लीगचे शंभरावर सामने. इथल्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या मानकऱ्यांत २०१५ मध्ये त्याचं नाव लागलं.

दोघंही एकाच गावचे, एकाच शहरात आलेले. एकाला नावाजलेला क्लब मिळाला, दुसऱ्याला खेळायला मिळालं.

माझ्या घरापासून पिवळ्या ट्रामनं बरी नावाच्या गावाला जाता येतं. १९९९ मध्ये बायचुंग भुतिया तिथं आला होता, तिसऱ्या पातळीच्या क्लबात. तेव्हा घरी पेपरात वाचलेलं आठवतं. आमच्या कट्ट्यावर काही जण म्हणाले होते, "बरी? हे कुठलं?" आता गिग लेनच्या त्या जुन्या मैदानाबाहेर उभा राहिलो की कळतं, भारतातून येऊन इथल्या चिखलात लीगचे तीसहून जास्त सामने खेळणं ही केवढी गोष्ट होती. कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपनंतर ब्लॅकबर्नला सरावासाठी येऊन गेला, पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा क्लब तो. तेव्हा ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला होता. तो परत गेला आणि भारतात लीगचे सामने खेळला, त्याचे फोटो मात्र कुणी टाकले नाहीत. मला ती जास्त मोठी बातमी वाटते.

आता बाहेरच्यांच्या वादाबद्दल. मागच्या वर्षी मार्चमध्ये गावी गेलो होतो. शाहू स्टेडियमवर मॅच बघून बाहेर पडलो, पोटात भूक, म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खायला शिरलो. समोरच्या बाकावर त्या दिवशी गोल केलेला नायजेरियन खेळाडू एकटाच बसला होता. कट बाजूला सारून नुसती मटकी आणि पाव खात होता. मी इंग्लंडहून आलोय कळल्यावर त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत चार घड्या घातलेले कागद: करार, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कागद, गोव्यातल्या एका क्लबचं पत्र, केरळच्या सेव्हन्समधले, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलमधले, दोन फोटो. बोटं तेलकट होती म्हणून कागदांना तळव्याच्या कडेनं धरत होता. त्यानं मला एकच विचारलं, "तिकडं परमिटला किती मॅच लागतात?"

तोही डोंगच आहे. फरक इतकाच की आपण त्याच्या वॉर्सात आणि आर्मेनियात बसलोय. बाहेरच्यांच्या संख्येवर मर्यादा हवी, हे मलाही पटतं. अकरातले चार बाहेरचे असतील तर पेठेतल्या चार पोरांना बाकावर बसावं लागतं, आणि बाकावर बसून फुटबॉल येत नाही. पण ही मर्यादा ठरवताना त्या माणसाबद्दल गॅलरीतून जे ओरडलं जातं ते माझ्या कानांनी ऐकलंय, आणि त्याची मला लाज वाटते. परक्या गावात कामाला आलेल्या माणसाला काय वाटतं हे मी रोज अनुभवतो. इथं माझ्या तोंडावर कुणी तसं ओरडलं तर आपला ग्रुप पेटून उठेल.

आणि एक माणूस बाहेर गेला की देशाचा फुटबॉल सुधारतो, हा समज तर चीननं पुरता खोटा ठरवलाय. सुन, ली टिये, झेंग झी, डोंग, अलीकडं एस्पान्योलकडून खेळलेला वू लेई, किती जण जाऊन आले. चीन वर्ल्ड कपला गेला फक्त एकदा, २००२ मध्ये. तीन पराभव, एकही गोल नाही. २०२६ चा वर्ल्ड कप ४८ संघांचा, तरीही ते पोचले नाहीत. एव्हर्टनकडून खेळलेला ली टिये पुढं राष्ट्रीय प्रशिक्षक झाला आणि २०२४ मध्ये लाचखोरीत २० वर्षांसाठी तुरुंगात गेला. डोंगचा दालियान शिदे क्लब २०१३ मध्ये संपला, त्याच गावचा पुढचा मोठा क्लब २०२४ मध्ये. आशियाचं विजेतेपद दोनदा मिळवलेला ग्वांगझूचा क्लब २०२५ मध्ये बंद पडला. मालकाचा पैसा आटला की क्लब गेला.

त्याच चीनमध्ये २०२३ पासून ग्वीझोऊ प्रांतातल्या रोंगजियांग तालुक्यात गावागावांची लीग गाजतेय. भाजीवाले, गवंडी, मास्तर खेळतात, आणि पायऱ्यांवर बसायला जागा नसते. त्याचे व्हिडिओ बघताना मला शाहू स्टेडियमच आठवलं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. आपल्याकडं हे कितीतरी पिढ्यांपासून आहे, कुठल्याही शेठच्या पैशावाचून. २०२५ साल संपलं तरी भारताची सर्वांत मोठी लीग, इंडियन सुपर लीग, सुरू झाली नव्हती. देशातल्या व्यावसायिक खेळाडूंना तेव्हा पुढची मॅच कधी हे माहीत नव्हतं. अशा वेळी ज्या गावात पोराला मोसमभर मॅच मिळतात त्या गावाची किंमत आपणच कमी लेखू नये.

सुन जीहाई निवृत्त झाल्यावर चीनच्या दुर्गम भागांतली पोरं शोधून त्यांना शिकवतोय. माझ्या पोराच्या संघातल्या एका मुलाचे वडील दालियानचे. रविवारी सकाळी दोरीमागं उभं राहून आम्ही गप्पा मारतो. इथं अकरा वर्षांखालच्या पोरांच्या लीगचा तक्ताच लावत नाहीत, गुण कुणी मोजत नाही, आणि आमच्या कोचचा नियम असा की प्रत्येक पोराला निम्मी मॅच मिळालीच पाहिजे. सुरुवातीला मला हे पचायला जड गेलं, पेठेतला माणूस ना मी. डोंगचा विषय मीच काढला, तेव्हा ते घड्याळाकडं बघून एवढंच म्हणाले, "आमच्या पोरांची वीस मिनिटं झाली."

मित्राला मी शेवटी हे लिहिलं. फिफाच्या नियमानं अठरा वर्षांखालच्या मुलाची परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. आईवडील फुटबॉलसोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, अशासारखे थोडे अपवाद आहेत. त्यातला एकही तुमच्या घराला लागू नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी तिथं जाऊन त्यानं कितीही चांगला खेळ केला तरी क्लब त्याला घेऊ शकत नाही. एजंटला विचार की ट्रायलचं पत्र क्लबच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलंय का, आणि त्या सहा आठवड्यांत पोराला अधिकृत मॅच किती मिळणार. प्लॉट विकू नका. दोन वर्षं त्याला कोल्हापुरातच नव्वद-नव्वद मिनिटं खेळू दे. अठरा झाला की गोवा, बंगळूर, जिथं संघात जागा मिळेल तिथं पाठवा, मग ती दुसऱ्या विभागाची का असेना.

दोन दिवसांनी मित्राचा फोन आला. एजंटनं पहिल्या प्रश्नाला "होईल बघा" म्हटलं, दुसऱ्यानंतर फोन उचलणं बंद केलं. पोरगं घरात रुसून बसलं होतं. फोन त्याच्याकडं दिला.

"काका, म्हणजे मी जायचंच नाही का?"

जायचं की रे, म्हटलं. या मोसमात किती मॅच खेळलास? त्यानं मनात मोजलं. अकरा. त्यातल्या पूर्ण किती? तो थांबला, मग म्हणाला, चार.

रविवारी त्याची बारावी आहे.