खून कमी आणि कॉफी जास्त

आज सकाळी आमच्या वाचकमंडळात एका गृहस्थांनी बेल्जियन लेखक जॉर्ज सिमेनाँच्या 'ले काव द्यु माजेस्तिक' (म्हणजे 'माजेस्तिकची तळघरे') या फ्रेंच रहस्यकादंबरीची एका वाक्यात बोळवण केली : "खून कमी आणि कॉफी जास्त." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचाच राग घरी येईपर्यंत वाढत गेला, म्हणून हे लिहीत आहे.

अहो, त्या कादंबरीच्या नावातच तळघर आहे! पॅरिसच्या आलिशान माजेस्तिक हॉटेलात तळघरात कॉफी करणारा प्रोस्पेर दोंज पहाटे पॅरिसलगतच्या सें-क्लूहून सायकलने निघतो, वाटेत चाक पंक्चर होऊन उशिरा पोहोचतो, आणि कर्मचाऱ्यांच्या कपाटांपैकी ८९ क्रमांकाच्या कपाटात त्याला एका धनाढ्य अमेरिकन पाहुण्याच्या पत्नीचे प्रेत सापडते. पुढे कॉफीच्या किटल्या, न्याहारीचे ट्रे आणि ते वर नेणारी छोटी लिफ्ट हे सारे येते, ते पाने भरण्यासाठी नव्हे. तळघरातल्या माणसांना वरचे जग जेवढे दिसते, तेवढेच ते असते.

हे मला कळते, कारण माझे अण्णा मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या पँट्रीत सव्वीस वर्षे होते. शाळेत असताना त्यांचा घरी राहिलेला डबा द्यायला मी एकदा मागच्या दाराने आत गेलो होतो. वरून चिठ्ठी आली की अण्णा म्हणत, "तीनशे चौदा, अंडी कडक, टोस्ट कोवळा." पाहुण्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्याच्या अंड्याची मात्र त्यांना खडान्खडा माहिती होती.

रहस्याची उकल थोडी घाईत होते, हे मान्य. खुनी कोण ते मी सांगणार नाही, पण ते कळल्यावरही पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटते, असे किती रहस्यकथांबद्दल म्हणता येईल? हे पुस्तक सिमेनाँने १९३९च्या डिसेंबरमध्ये, युद्ध सुरू झालेले असताना लिहिले आणि ते १९४२ साली प्रसिद्ध झाले. यात तपास करणारा पॅरिसचा पोलीस अधिकारी मेग्रे, याच्यावर त्याने पंचाहत्तर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या या एकीत इन्स्पेक्टर चक्क सायकलवर बसून दोंजच्या बरोबरीने त्याच्या घरापर्यंत जातो. संशयिताला चौकीवर बोलावून घेणे सोपे होते. आमच्या त्या गृहस्थांना एवढेही दिसू नये?

तरीही अटक होते ती दोंजलाच. तो अमेरिकन तर मेग्रेला ठोसा लगावतो, आणि त्याच्याशी सगळे अदबीनेच वागतात. इथे मी पुस्तक मिटले होते, कारण मला अण्णांचे कपाट आठवले. एकदा वरच्या मजल्यावरून चांदीचा एक चमचा नाहीसा झाला. पाहुण्यांना कोणी विचारले नाही. तळघरातली कपाटे मात्र उघडली गेली, आणि अण्णांचा डबा सर्वांसमोर, भाजीत बोट घालून तपासला गेला.

रात्री शांत झाल्यावर वाटते की त्या गृहस्थांचाही फारसा दोष नाही. त्यांनी हॉटेल नेहमी पुढच्या दारानेच पाहिले असेल. चमचा तिसऱ्या दिवशी धुलाईच्या चादरीत सापडला. अण्णांना कोणी काही म्हणाले नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा कामावर डबा नेला नाही.