पॅरामाउंट रँचच्या भेटीबद्दलच्या अभिप्रायास उत्तर

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत आपण वडील आणि मुलासह आमच्याबरोबर लॉस एंजेलिस परिसराची सहल केलीत, त्यात पॅरामाउंट रँच ही चित्रपटांच्या चित्रीकरणाची जुनी जागा पाहिलीत, आणि पुण्यास परतल्यावर एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. आमच्या पत्रकात काउबॉय चित्रपटांतील लाकडी गावाचे छायाचित्र होते, प्रत्यक्षात मात्र आपल्याला मोकळा माळ, एक चर्च आणि एक रेल्वे स्टेशन एवढेच दिसले व त्यात अर्धा दिवस गेला, ही आपली मुख्य तक्रार आहे. शिवाय ते गाव मुळातच खोटे, फळ्या ठोकून केलेले होते, मग ते 2018 च्या वणव्यात जळाल्याबद्दल मार्गदर्शकाने एवढे हळहळण्यासारखे काय होते, असेही आपण विचारले आहे.

छायाचित्राबाबत आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. ते वणव्यापूर्वी काढलेले होते आणि गाव जळून जवळजवळ वर्ष होत आले तरी आम्ही ते पत्रकातून काढले नाही. मार्गदर्शकाने गाडीत आगीची कल्पना दिली होती, पण पैसे भरून निघालेल्या माणसाला वाटेत असे सांगण्याला अर्थ नसतो. या चुकीची जबाबदारी माझी आहे आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. त्या जागेला प्रवेशशुल्क नाही. आम्ही घेतलेली रक्कम गाडीची व मार्गदर्शकाची होती. तरीही तिघांचे त्या अर्ध्या दिवसाचे पूर्ण पैसे मी परत करत आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडे लांबेल, कारण तिथे माझे मत वेगळे आहे.

लॉस एंजेलिस परिसरातील अगूरा हिल्सजवळची ही जमीन पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने 1927 मध्ये घेतली, तेव्हा ती सुमारे 2,700 एकर होती. डोंगर, ओढा, ओकची झाडे आणि मोकळे गवताळ रान एकाच ठिकाणी मिळत असल्याने 1937 मध्ये येथे एका चित्रपटासाठी वसाहतकाळातील मॅसॅच्युसेट्स उभे राहिले आणि 1938 मध्ये मार्को पोलोवरील चित्रपटासाठी प्राचीन चीन. कंपनीने जमीन विकल्यानंतर, 1953 मध्ये, नव्या मालकाने पॅरामाउंटच्याच जुन्या सामानाच्या कोठारांपासून वेस्टर्न, म्हणजे काउबॉय चित्रपटांतले, गाव तयार केले, आणि दूरचित्रवाणीवरील वेस्टर्न मालिकांच्या त्या भरभराटीच्या काळात ते सतत गजबजलेले असे. 1980 मध्ये ही जागा नॅशनल पार्क सर्व्हिस या राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे आली. नव्वदच्या दशकात ‘डॉ. क्विन, मेडिसिन वुमन’ या मालिकेचे कोलोरॅडोतील गाव म्हणजे हीच गल्ली, आणि आपण पाहिलेले स्टेशन त्याच मालिकेसाठी बांधलेले आहे. चर्च ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेसाठी उभारले होते.

घरे खोटी होती, हे खरे. पण मी अनेक वर्षे तेथे लोकांना नेत आलो आहे, आणि एका ओसरीच्या खांबावर रंगाचा पोपडा निघालेल्या जागी खाली दुसरा रंग, त्याखाली तिसरा, असे थर मी बोटाने चाचपून पाहिले आहेत. प्रत्येक चित्रीकरणाच्या वेळी सुतार आणि रंगारी येत, पाटी बदलत, त्याच घराची कधी बँक होई तर कधी खाणावळ. त्या माणसांची नावे पडद्यावर क्वचितच आली; त्यांच्या हातचे काम तेवढे त्या फळ्यांत उरले होते. म्हणून त्या फळ्या मला खोट्या वाटत नाहीत. आपण पुण्याच्या आहात म्हणून आठवण करून देतो, की 8 जानेवारी 2003 रोजी प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या चित्रफितींच्या, साठ्याला आग लागली, तेव्हा जळाली ती नाटकी दृश्येच होती, तरीही आपल्याकडची माणसे हळहळली, आणि ते योग्यच होते.

वूल्सी वणवा 8 नोव्हेंबर 2018 च्या दुपारी सांता सुझाना टेकड्यांत पेटला. शरद ऋतूत वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणाऱ्या सांता आना नावाच्या कोरड्या वाऱ्यांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी 101 क्रमांकाच्या महामार्गापलीकडे नेला, आणि त्याच दिवशी वेस्टर्न टाउन जळाले. वर्षानुवर्षे उन्हात वाळलेले ते लाकूड अशा वाऱ्यापुढे टिकणे शक्यच नव्हते. उत्तर कॅलिफोर्नियात पॅराडाइज हे खरेखुरे गाव त्याच सुमारास भस्मसात होत होते, त्यामुळे अग्निशमन दलांवरील ताण किती होता याची कल्पना यावी. वूल्सीने जवळजवळ 97 हजार एकर जमीन जाळली, सोळाशेहून अधिक बांधकामे नष्ट केली आणि तिघांचे प्राण घेतले. आमच्या ओळखीतील मराठी कुटुंबांनाही कागदपत्रे आणि देवघरातील मूर्ती घेऊन रात्रीत घर सोडावे लागले होते. त्या हानीपुढे चित्रपटाचा सेट लहान, हे मला मान्य आहे. तरी त्या परिसरात राहणाऱ्यांनी दोन्हींचे दुःख केले, आणि गाव पुन्हा उभारण्याचा मानस पार्क सर्व्हिसने आगीनंतर लगेच जाहीर केला.

त्यामुळे हे ठिकाण सहलीतून काढून टाकण्याची आपली सूचना मी स्वीकारू शकत नाही. ओकची खोडे एका बाजूने कोळशासारखी काळी आहेत आणि त्याच फांद्यांना नवी पालवी फुटली आहे, हे आपल्या मुलाने मार्गदर्शकाला दाखवले होते. मार्गदर्शकाने ते मला आवर्जून सांगितले. मात्र ज्यांना गाव पाहायचे आहे त्यांची निराशा होऊ नये म्हणून आजपासून पत्रकात सध्याचे छायाचित्र आहे, ‘वेस्टर्न टाउन 9 नोव्हेंबर 2018 रोजी जळाले’ हे वाक्य पहिल्याच ओळीत आहे, आणि नको असल्यास तो अर्धा दिवस मालिबूच्या किनाऱ्यावर घालवण्याची सोय आरक्षणाच्या वेळीच निवडता येईल.

रक्कम आपण ज्या कार्डाने भरली त्याच कार्डावर जमा होईल. आपले वडील स्टेशनच्या फलाटावरील बाकावर बसून मार्गदर्शकाला तरुणपणी पाहिलेल्या काउबॉय चित्रपटांबद्दल सांगत असतानाचे एक छायाचित्र आमच्याकडे आहे. ते आपल्या ईमेलवर आजच पाठवत आहे.

आपला नम्र,
सहल-संचालक