करवतीचं कूळ विचारू नये

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, पण त्या यादीत जुनी करवत टाकायला कोणीतरी विसरलं आणि त्याची शिक्षा मी गेले तीन आठवडे भोगतोय.

माळा आवरताना सापडली. पातं गंजून चॉकलेटी झालेलं, पण लाकडी मूठ अशी की हातात घेतली आणि सोडवेना. मुठीला पितळी स्क्रू, त्यातला एक कोटाच्या बटणाएवढा, त्यावर पंख पसरलेला गरुड आणि भोवती काहीतरी अक्षरं. टूथपेस्ट लावून घासलं तर वाचता आलं, 'वॉरंटेड सुपीरियर'. झालं, मी घरभर जाहीर करून टाकलं की कंपनी सापडली! मग दोन दिवस त्या कंपनीचा इतिहास शोधत बसलो आणि तिसऱ्या दिवशी कळलं की अशी कंपनीच नाही. त्याचा अर्थ फक्त 'माल उत्तम, खात्रीशीर'. हा तयार बिल्ला ढीगभर कारखाने आपापल्या करवतींना लावायचे, अगदी १८४० पासूनची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची डिस्टन ही करवत कंपनीसुद्धा दुय्यम मालावर स्वतःचं नाव न टाकता हाच लावून मोकळी व्हायची. म्हणजे पत्राखाली 'आपला नम्र' वाचून मी नम्र नावाचा माणूस शोधत होतो.

मग मुठीजवळ पात्यावर ठोकलेला '८' दिसला. मॉडेल नंबर असणार! बायको म्हणाली, "आधीच्या सात कुठे हरवल्यास?" तर तो निघाला दातांचा हिशोब. एका इंचात दातांची आठ टोकं, पण दोन्ही कडांची टोकं धरून मोजायची, त्यामुळे दात भरतात सातच. मी पट्टी लावून तीनदा मोजले. सातच.

मुठीच्या लाकडात दोन अक्षरंही ठोकलेली होती, त्यांच्यामागे एक अख्खा रविवार गेला, आणि ती निघाली कुठल्यातरी मालकाची. कामावर कोणी हत्यार ढापू नये म्हणून सुतार स्वतःची खूण ठोकून ठेवतात, त्यात बनवणाऱ्याचा काही संबंध नाही.

आता खरी मेख. बनवणाऱ्याचं नाव असतं पात्यावर, ॲसिडने कोरलेलं, आणि इतकं उथळ की नख फिरवलं तरी लागत नाही. ते बघायचं तर बारीक सँडपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, पाण्याचा हात देत हळूहळू घासायचं, म्हणजे वरचं लोखंड चमकतं आणि अक्षरं काळपट राहतात. किती सोपं ना? हे मला कळलं ते ८० नंबरच्या खरखरीत पेपरने दोन्ही बाजू आरशासारख्या चकाचक करून, घरच्यांना बोलवून बोलवून दाखवून झाल्यावर. त्या रात्री मी नीट जेवलोसुद्धा नाही.

तरी एक शेवटचा प्रयत्न म्हणून काल रात्री दिवे घालवले, बायकोला टॉर्च अगदी आडवा धरायला लावला आणि मी पात्याला नाक टेकवून बसलो. "डावीकडे... थोडा खाली... अगं हलवू नकोस ना!" आणि दिसलं, 'कास्ट स्टील'! मी जवळजवळ नाचलोच, मग आठवलं की हेही नाव नाही. पातं साच्यात ओतलंय असाही त्याचा अर्थ नाही, पोलाद मुशीत वितळवून केलंय एवढंच. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ही रीत बसवली आणि पुढे ज्याने त्याने ते दोन शब्द अभिमानाने मिरवले. म्हणजे सगळे आपापल्या मालाचं कौतुक लिहून गेलेत, नाव तेवढं मी घासून काढलं.

टॉर्च अजून थोडा वर सरकवला. आधी नुसती चकाकी, मग अगदी पुसट, अर्धं घासलेलं '...अँड सन्स'. त्याच्या आधी काही नाही. माझ्याच हातच्या रेघोट्या.

"पोरं तर सापडली," बायको टॉर्च बंद करत म्हणाली, "आता बापाला सकाळी शोध."